धाकूबापूंची फणी

पहिल्याच भेटीत धाकूबापूंनी माझं डोकं लोकरीच्या फणीनं विंचरलं. तोरण्याखालच्या त्यांच्या वस्तीवर मी स्वदेशीचं महत्त्व सांगायला गेलो होतो. ऐन रंगात आलेलं भाषण तोडून ते म्हणाले, "पुडारी, बसा. लई गुता झालाय." आणि लोखंडी दातांची ती फणी सरळ केसांत घातली! मी कळवळलो. "डोस्क्यातला निगाला," ते म्हणाले, "भाषनातला ऱ्हायला."

विंचरण्यावाचून या मेंढपाळाला कशातच गोडी नव्हती. एक फणी गुडघ्याखाली दाबायची, तिच्यात लोकर अडकवायची आणि दुसरीनं ओढत राहायचं. कुसळं, काड्या, आखूड तंतू मागे राहत. लांब, सरळ लोकर हाती येई. घरचं कुत्रं फणी दिसताच ओढ्यापलीकडे पळे. बापूंची बायको ठमाकाकी सांगे, "माज्या बी केसात घालाय निगाले व्हते. म्या उलातनं दावलं."

वेल्ह्यात आम्ही सूतकताईचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं काम बापूंनीच कबूल केलं. कोकरांची पहिली मऊ लोकर, म्हणजे जावळ, विंचरून ते देणार. आम्ही सूत काढणार. त्याची लहानशी घोंगडी होणार. मी गावभर गर्जना केली. आणि मग प्रत्येक बाजाराला बापू हात हलवत यायचे.

"लोकर कुठं आहे, बापू?"

"गुता हाय अजून."

आमच्या टकळ्या खुंटीला टांगलेल्या. लोक दारात येऊन विचारू लागले, "काय पुडारी, वारा कातताय व्हय?" माणसाचा आळस देशाला कसा बुडवतो, यावर मी एक जळजळीत पत्रक छापून वस्तीवर पाठवलं. बापूंनी त्यात कुसळं बांधून ठेवली.

शेवटी मीच टकळी घेऊन वस्ती चढलो. बापू अंगणात बसून तीच लोकर विंचरत होते. तिच्यात गुंता कसला? सावरीच्या कापसासारखी झाली होती, फुंकरीनं उडाली असती. माझं टाळकं फिरलं. "हा शुद्ध कामचुकारपणा आहे!" मी ओरडलो, मूठभर लोकर उचलली आणि टकळीला लावली.

बापूंनी माझं मनगट धरलं. "ठिवा! खाली ठिवा ती!" त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला.

ठमाकाकी गरम पाण्याचा हंडा घेऊन घाईनं आत चालली होती. उंबऱ्यावर थबकून ती हळूच म्हणाली, "वरडू नगा, पुडारी. आत आमची लेक गंगू अडलीया. मागल्या खेपंला तिचं दिस भरायच्या आदीच ह्यांनी सूत काडून घोंगडी इनून ठिवली. हौस वो. पोर रडलंच न्हाई. तवापास्नं म्हंत्यात, हातात पोर आल्याबिगर सूत काडायचं न्हाई."

अशा समजुतींवर माझ्याकडे तीन पत्रकं तयार होती. मी टकळी मांडीखाली सारली.

बापूंनी पुन्हा फणी उचलली. खर्र, खर्र. आतून गंगूचं कण्हणं आलं की फणी वेगानं चाले. मग कण्हणं थांबलं. फणीही थांबली, लोकरीत दात रुतवून. कुत्रं ओढ्यावरून परत येऊन बापूंच्या अगदी जवळ बसलं.

आणि आतून एक टाहो आला. किती कर्कश, किती संतापलेला! माझ्या कोणत्याही भाषणाला इतका जोर नव्हता.

"नात हाय!" ठमाकाकी आतून ओरडली. "गंगू बी बरी हाय!"

बापूंनी दोन्ही फण्या पालथ्या ठेवल्या. मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं, पुष्कळ वेळ पुसलं. मग लोकर माझ्यापुढे सरकवली.

"घ्या, पुडारी. काडा सूत."

"गुंता?"

"न्हाई आता."

मी तिथंच कातायला बसलो. घाईत सूत कुठं जाड, कुठं बारीक येत होतं. हातभर अंतरावर गाठी पडत होत्या. बापूंनी ते बोटांवर घेतलं, नीट पाहिलं आणि गाठींसकट तसंच नातीच्या घोंगडीसाठी गुंडाळायला घेतलं.