सासऱ्यांचा डोळा आणि सहावा भाग

गुपित ठेवण्याच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही, असं किल्लीवाल्याचं प्रामाणिक मत होतं, आणि त्यात तथ्यही होतं. बावीस वर्षं तो किल्ल्या करत होता. आसपासच्या निम्म्या दारांच्या किल्ल्या त्याच्या कानशीखालून गेल्या होत्या. कोणाच्या कपाटाला दोन कुलपं आहेत, कोणी नवऱ्याच्या नकळत तिसरी किल्ली करून घेतली, कोण दर महिन्याला किल्ली हरवतो आणि घरी सांगत नाही, सगळं त्याला ठाऊक होतं. पण तोंडावाटे कधी ब्र नाही. म्हणून त्या रविवारी "आठ दिवस खुनी कोण हे बाबांच्या कानावर जाणार नाही, ही माझी जबाबदारी," असं तो छातीठोकपणे म्हणाला, तेव्हा त्याची बायकोसुद्धा हसली नाही. पुढच्या शनिवारी ती पुष्कळ हसली, पण त्याआधी थोडं रडून झालं होतं.

बाबा म्हणजे त्याचे सासरे. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात उभा जन्म गेलेला. मुलीने किल्लीवाल्याशी लग्न केलं, ही त्यांच्या मते त्यांच्या नजरेतून सुटलेली एकुलती एक चूक. चौदा वर्षं ते जावयाला 'कुलुपवाले' म्हणत आले आणि त्यापलीकडे फारसं काही म्हणाले नाहीत. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ते मुलीकडे राहायला आले. एकाच टेबलावर दोघं जेवत, मध्ये उघडं वर्तमानपत्र. जावयाला या गोष्टीचं फार वाईट वाटे. तो बोलून दाखवत नसे एवढंच.

मग टीव्हीवर ती मालिका आली. बाबांनी तरुणपणी ज्या गुप्तहेरकथांची पारायणं केली होती, त्याच कथा नव्या जमान्यात आणून बसवलेल्या. पुस्तकातला गुप्तहेर चांगला गरगरीत, तपकीर ओढणारा, बग्गीतून फिरणारा. मालिकेतला काटकुळा, सतत च्युइंगगम चघळणारा, मोबाइलवर मढ्याच्या बुटांचे फोटो काढणारा.

"बग्गीच्या जागी मोटार, एकवेळ समजू शकतो," बाबा म्हणाले. "पण तपकिरीच्या जागी च्युइंगगम? तपकीर ओढल्यावर शिंक येते, आणि शिंकेतून त्याला कल्पना सुचते. च्युइंगगममधून काय सुचणार?"

असं म्हणून ते पुढचा भाग लागायच्या आधी अर्धा तास खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या भागात गुप्तहेराने बंद खोलीचं कुलूप केसाच्या पिनेने उघडलं. जावई मागे उभा होता. त्याच्याच्याने राहवलं नाही. "त्या कुलपाला पिन चालत नाही," तो म्हणाला. "आतला खटका उलटा बसतो. पिन वाकेल, कुलूप नाही उघडणार."

बाबांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा मान पूर्ण वळवून त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे ही चूक आहे?"

"शुद्ध चूक."

"बसा," बाबा म्हणाले आणि शेजारची खुर्ची ओढून दिली.

तेव्हापासून दर रविवारी घरात मैफल जमू लागली. बाबा, जावई, खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई आणि कोपऱ्यावरचा सलूनवाला. बाई वहीत वेळा टिपायच्या: किती वाजता कोण कुठे होतं, कोणाचा चहा कधी गार झाला. सलूनवाला प्रत्येकाच्या दाढीवरून चारित्र्य सांगायचा. कुलपं जावयाकडे होती. बाबा मूळ पुस्तकातली पानं सांगायचे. जावयाला वाटायचं, ही मालिका कधी संपूच नये.

पण भाग सहाच होते, आणि सहाव्या भागाच्या दोन दिवस आधी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठ दिवस टीव्ही नाही, वाचन नाही. बाबांना त्याचं फारसं दुःख झालं नाही.

"बघायचंय काय त्यात? खुनी पुतण्या आहे. शेवटून तिसऱ्या पानावर पकडतात. भाग ठेवा रेकॉर्ड करून, पुढच्या रविवारी कुलपं तपासायला बघू."

उरलेल्या तिघांनी आणि जावयाच्या बायकोने सहावा भाग गणिताच्या बाईंकडे बसून बघितला. खुनी पुतण्या नव्हताच. मालिकावाल्यांनी खुनीच बदलला होता. खून पियानो शिकवणाऱ्या बाईने केला होता. मूळ पुस्तकात ती बाई एकदा दार उघडून आत येते आणि चुकीच्या वेळी आले वाटतं म्हणून निघून जाते. बस. तिने चौघांनाही साफ गंडवलं होतं.

"बाबांना हे कळलं की काय होईल," बायको म्हणाली.

"ते त्यांना कळायचं ते टीव्हीसमोर बसूनच कळलं पाहिजे," जावई म्हणाला. "पन्नास वर्षं त्यांना या गोष्टीचा खुनी पाठ आहे. आता पुन्हा एकदा माहीत नसण्याची संधी आली आहे. ती मी वाया जाऊ देणार नाही. तोंडं शिवून घ्या."

सोमवारी तो पहाटे उठला आणि वर्तमानपत्रात मालिकेबद्दल जे काही आलं होतं ते कात्रीने कापून काढलं. डोळ्यांवर ताण येतो म्हणून बाबांचा मोबाइल काढून घेतला. रेडिओ दुरुस्तीला दिला, जो बिघडलेला नव्हता. नेत्रतज्ज्ञही मालिका बघतात असं बायकोकडून कळल्यावर त्याने त्यांना फोन केला आणि बजावलं, "डॉक्टर, ते फार हुशार आहेत. आडून आडून विचारतील. तुम्ही काही म्हणजे काही बोलायचं नाही."

"शब्द दिला," डॉक्टर म्हणाले.

इकडे बाबा काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेले. करायला काही नाही. वर्तमानपत्र नुसतं हातात धरायला म्हणून घेतलं तर बोट आरपार गेलं. वाचता येत नसलेल्या माणसाचा पेपर कोणी का कापावा? पुढे दिवसभर ते एवढ्याच विचारात होते.

मंगळवारी सलूनवाला दाढी करायला आला. एरवी त्याचा वस्तरा थांबेल पण जीभ थांबणार नाही. आज तोंड उघडलं की पहिला शब्द 'पियानो' निघेल या धास्तीने त्याने दात घट्ट आवळून धरले होते. एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड करून तो पळाला.

मग गणिताच्या बाई सूप घेऊन आल्या. बाबांनी साधं विचारलं, "काय बाई, काय विशेष?" बाई अतिशय सत्यवादी. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, या कात्रीत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काळजी घ्या," एवढं म्हणून त्या सूप तसंच ठेवून गेल्या.

बुधवारी तपासणी होती. डॉक्टरांनी डोळा बघितला. जावई दाराशी उभा होता.

"डॉक्टर," बाबा हळूच म्हणाले, "माझ्यापासून काही लपवत तर नाही ना?"

डॉक्टरांनी जावयाकडे बघून स्मित केलं. "तुम्ही कितीही आडून विचारलंत तरी मी सांगणार नाही. जावयांना शब्द दिलाय. रविवारी सगळं कळेलच."

रिक्षातून परत येताना बाबा बोटांवर दिवस मोजत होते. जावई मनातल्या मनात डॉक्टरांवर जाम खूश होता.

गुरुवारी दुपारी दुकान बंद करून तो जेवायला आला, तर बाबांनी त्याला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं.

"बसा, जावईबापू."

जावयाच्या हातातला पेला निसटता निसटता राहिला. चौदा वर्षांत हा शब्द त्याने प्रथमच ऐकला.

"मी तुम्हाला कुलुपवाले म्हणत आलो," बाबा म्हणाले. "तुमच्या हातात कसब आहे, मन स्वच्छ आहे. माझी मुलगी सुखात आहे. मला चूक वाटली ती चूक नव्हतीच. हे सांगायचं राहून जाऊ नये असं वाटलं."

काळ्या चष्म्याखालून एक थेंब बाबांच्या गालावर ओघळला. हे शब्द ऐकायला तो किती वर्षं थांबला होता. आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: म्हातारबुवांना वास लागला! मालिकेत काहीतरी बदललंय हे ओळखलं, आणि आता लोणी लावून खुनी काढून घेताहेत!

त्याने काळजावर दगड ठेवला. "बाबा," तो शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाला, "गोड बोलून काही होणार नाही. माझ्याकडून काही कळायचं नाही. रविवारपर्यंत धीर धरा."

बाबांनी मान खाली घातली. "म्हणजे रविवारपर्यंतच," ते म्हणाले. "ठीक आहे."

बाहेर आल्यावर जावयाने बायकोला सांगितलं, "काय नट आहेत ग तुझे बाबा. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं."

शुक्रवारी बाबांनी गणिताच्या बाईंचा फोन मागून घेतला आणि त्यांना पाणी आणायला पाठवलं. पाणी येईपर्यंत त्यांचा फोन करून झाला होता. शनिवारी अकरा वाजता दारात बॅग घेऊन बायकोची आत्या उभी. चार तासांचा प्रवास करून आलेली आणि चारही तास रडलेली.

"काय झालंय माझ्या भावाला?" ती म्हणाली. "रविवार उजाडला तर उजाडला, म्हणाला मला."

जावयाला काही उमगायच्या आत आतून बाबांचा आवाज आला. "सगळ्यांना बोलवा. बाईंना, सलूनवाल्यालाही. खुर्च्या गोल मांडा."

खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. बाबा काळा चष्मा लावून मधोमध उभे राहिले. सलूनवाल्याने सवयीने समोरची खुर्ची पकडली.

"सोमवारी," बाबा बोटं मोजत म्हणाले, "पेपर कापलेला. म्हणजे त्यात असं काही होतं, जे माझ्या कानावर येऊ द्यायचं नव्हतं. मोबाइल गायब. चालू रेडिओ दुरुस्तीला. मंगळवारी हा गडी वीस मिनिटं गप्प होता. हा स्वतःच्या लग्नात मंत्र चालू असताना गप्प बसला नव्हता. बाई रडल्या. बुधवारी डॉक्टर म्हणाले, जावयांना शब्द दिलाय. गुरुवारी खुद्द जावई म्हणाले, रविवारपर्यंत धीर धरा."

ओळखलं यांनी, जावई मनात म्हणाला. पण बाकी शाबास. एका डोळ्यावर एवढं.

"या सगळ्यावरून निष्कर्ष एकच निघतो," बाबा म्हणाले. "ऑपरेशनच्या वेळी माझ्यात काहीतरी भयंकर सापडलंय. मी फार तर रविवारपर्यंत आहे, आणि तुम्ही सगळे मला ते कळू देत नाही आहात."

आत्याने गळा काढला. जावयाच्या पायाखालची जमीन सरकली. गुरुवारचं ते बोलणं, ते पाणी, सगळं खरं होतं तर. आणि आपण त्या माणसाला काय सुनावलं!

"बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"असंच म्हणायची पद्धत आहे."

"शपथेवर सांगतो. लपवलं ते दुसरंच."

"काय लपवलं?"

जावयाने मनात हिशेब केला. आठ दिवसांतले सात निघाले होते. उरला होता एक. "ते... उद्या सांगतो," तो म्हणाला.

आत्याचा आवाज चढला. बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने घाईघाईने डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. "डॉक्टर, बाबांची तब्येत कशी आहे, जरा स्पष्ट सांगा. सगळे ऐकताहेत."

"अहो, मला कशाला परीक्षेत घालता?" पलीकडून डॉक्टर म्हणाले. "रविवारच्या आत माझ्याकडून एक शब्द निघणार नाही. तुम्हीच वचन घेतलंत." आणि फोन ठेवला.

आत्याने भिंतीला डोकं टेकलं. बाबा शांतपणे म्हणाले, "झालं ना समाधान?" त्यांनी टेबलाची कड धरली.

टेबलाला धरून उभा राहिलेला तो म्हातारा बघितला आणि बावीस वर्षं एकही गुपित न फोडणारा माणूस फुटला.

"पियानो शिकवणारी बाई!" तो ओरडला. "खून तिने केला! पुतण्या नाही! त्यांनी खुनी बदलला, बाबा, आणि तुम्हाला रविवारी कळावं म्हणून आम्ही सगळे मूग गिळून बसलो. पेपरात तेच होतं, डॉक्टरही तेच बोलत होते. तुम्ही ठणठणीत आहात."

कापलेली कात्रणं खिशातून काढून त्याने बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती वाचून दाखवली, आणि बाई खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याने आधी भावाला मिठी मारली, मग जावयाला बॅगेने मारलं. बायको रडता रडता हसायला लागली ती थांबेना. सलूनवाल्याने पाच दिवसांचं तुंबलेलं बोलून घेतलं.

बाबा मात्र तोंड फिरवून खुर्चीत जाऊन बसले. जावई त्यांच्यापाशी गेला. "घाबरला होतात ना, बाबा? आता काही काळजी नाही."

"मी वाचलो, ही बातमी उद्या रात्री कळली असती तरी चालली असती," बाबा म्हणाले. "पन्नास वर्षांनी पहिल्यांदा मला त्या गोष्टीचा खुनी माहीत नव्हता. आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं. अजून एक दिवस दम धरवला नाही तुम्हाला?"

जावयाने मान खाली घातली. चूक शुद्ध होती. मग त्याने चाचरत विचारलं, "आणि बाबा, गुरुवारी तुम्ही जे म्हणालात... हातात कसब, मन स्वच्छ वगैरे?"

बाबांनी काळा चष्मा जरासा खाली ओढून त्याला नीट न्याहाळलं.

"ते घाईत काढलेलं कच्चं प्रूफ होतं," ते म्हणाले. "आता वेळ आहे म्हणता, तर पुन्हा तपासून बघू."