अर्धी गोळी

गजभियेकाका पेशंटला पहिला प्रश्न आजाराचा विचारतच नाहीत. "फाटा कोणता?" हे आधी. आयुष्यभर उमरेड रस्त्यावर एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त झाले आणि नागपुरातल्या आमच्या कॅन्सर दवाखान्यात अभ्यासाचे फॉर्म भरायला लागले. पेन अजून कानावरच असतं.

अभ्यास साधा आहे. पोटाच्या कॅन्सरचे पेशंट झोपेच्या गोळ्या घेतात का, घेतात तर किती. आकडेमोड माझ्याकडे. दिवसभर सलाइन घेऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या पेशंटला विचारायचं, दहा मिनिटांत फॉर्म भरायचा. काकांना दोन तास लागतात! वरून समासात पुराण, पेशंटच्या म्हशीच्या नावासकट.

परवा तर कहर झाला. 'रोज किती गोळ्या?' यापुढे काकांनी लिहिलं, 'अर्धी.'

"काका, डॉक्टरांनी एक लिहून दिलीय. अर्धी कुठून आली?"

"अर्धी नवरा घेते, अर्धी बायको. तिलेही झोप नाही नं, मॅडम."

"अहो, पण बायको अभ्यासात नाही!"

"काहून नाही? घ्या नं तिले. तेबी रातभर जागूनच राहिली."

मी कपाळावर हात मारला. शोधलं तर अशा 'अर्धी'वाले अकरा फॉर्म निघाले. शनिवारी अहवाल द्यायचा, त्यावरून डॉक्टर गोळीचं प्रमाण ठरवणार, आणि माझा तक्ता पार बोंबलला. काकांनी मुकाट 'एक' लिहिलं असतं तर तक्ता सुबक झाला असता आणि साफ खोटा. हे कळत होतं, म्हणून तर जास्तच चिडचिड होत होती.

उरलेले चार फॉर्म मागायला दुपारी तरातरा वॉर्डात गेले. काका स्टुलावर बसलेले. फॉर्म केव्हाच भरून झालेला, नजर सलाइनच्या थेंबांवर. पेशंटचा डोळा लागला होता. खाली चटईवर त्याची बायको गाढ झोपली होती.

"काका, हे काय चाललंय?"

"हळू बोला नं," ते कुजबुजले. "तिले म्हटलं, दोन तास झोप वं बाई, मी पाहून राहिलो. गोळी लागलीच नाही तिले."

"रोज हेच करता?"

"मंग? आमच्या हिच्या वेळेस मी लय जागलो, मॅडम. शेवटच्या दिवशी बसल्या बसल्या डोळा लागला. जागा झालो तं ती गेली होती. कोणी बसलं असतं बाजूले, तं मले उठवलं असतं."

रागवायला आले होते, तो राग कुठे गेला कळलं नाही.

"तुम्ही जेवून या, काका. मी बसते इथे."

त्यांनी मान डोलावली, पण काही उठले नाहीत.