वैरागड्यांनी गोळा केलेली मतं

चिन्मय, रेवा,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, 'दो पाली' म्हणून भोपाळची एक जोडी आहे, हिप हॉप करते. तुला माहीत आहे का?" तुमच्या कॉलेजात त्यांचा 'टाइप थ्री' हा अल्बम सगळे ऐकतात म्हणे. बाळांनो, त्या जोडीतली केतकी आपल्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढली. टाइप थ्री हा आपल्या टाउनशिपमधल्या क्वार्टरांचाच एक प्रकार. आणि तो अल्बम आला तेव्हा ज्यांनी सगळी गल्ली हैराण केली, ते तिचे वडील, वैरागडे. हे फोनवर सांगता आलं नसतं, तुम्ही मध्येच बोलता. म्हणून लिहिते आहे.

वैरागडे कुणाच्याही घरी बसत नसत. चहासुद्धा कपबशी हातात धरून फिरत फिरत घेत. चहा संपेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत त्यांच्या येरझाऱ्या चालत आणि वाटेत जे दिसेल त्यावर शेरा पडे. जन्मभर कारखान्यात वाफेच्या हातोड्यांशेजारी उभं राहून त्यांनी माल तपासला होता. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंचे तीनच प्रकार होते: पास, रिवर्क आणि रिजेक्ट. माझे शंकरपाळे रिवर्क. आजोबांनी बसवलेला नळ रिजेक्ट. शर्मांच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाला न्याहाळून भर मांडवात सांगितलं, "पास. पण फिनिशिंग नाही." बोलणं अखंड. समोरच्याने तोंड उघडेपर्यंत ते दुसऱ्या विषयावर गेलेले असत.

त्यांची बायको सुशीला माझी मैत्रीण. ती कायम त्यांच्याजवळ उभी राहून प्रत्येकाचं बोलणं परत सांगायची. "अहो, वहिनी विचारतायत, साखर किती?" आम्ही तिला हसायचो. ती अचानक गेली, आणि वर्षभरात केतकीने पुण्याची नोकरी सोडली. मुंबईला जाऊन फैजानबरोबर गाणी करायला लागली. फैजान पलीकडच्या ओळीतला, शब्द त्याचे. ठेका, आवाज, सगळी बांधणी केतकीची. वैरागडे तिला एकच शब्द बोलले. कुठला, ते तुम्ही ओळखाल. त्यानंतर तिचा फोन आला की "बरं, बरं, ठेवतो" एवढंच. तिला वाटे, बाबांचा राग गेलेला नाही. आम्हालाही तेच वाटे.

मग तो अल्बम आला आणि त्याच्याबरोबर तिचा निरोप. वैरागडे तडक आमच्या फाटकात आले आणि फोन माझ्यापुढे धरला. "बाबा, ऐकून खरं काय ते सांगा. दिवाळीला येते. समोर सांगा."

"यात राग दिसतो का, वहिनी?"

"नाही दिसत."

"मग मत द्यावंच लागेल." त्यांनी कपाळ पुसलं. "या खेपेला चुकीचं बोललो तर पोरगी पुन्हा यायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून भाजीच्या थैलीत एक गोल स्पीकर घालून ते घरोघर हिंडू लागले. स्पीकर टेबलावर ठेवायचा, त्यावर तळवा दाबून उभं राहायचं ("गरम होतो हो") आणि गाणं संपलं की विचारायचं, "मत?" मत दिलं की हात वर. "दोनदा सांगा. एकदाचं मत कच्चं असतं."

आजोबा तबला शिकलेले. ते म्हणाले, "ठेका पुढे, शब्द मागे. पोरं काय म्हणतायत ते कळायला चौथ्यांदा ऐकावं लागतं."

"ही तक्रार की तारीफ?"

"अजून ठरवलं नाही."

"दिवाळीच्या आत ठरवा!"

शर्मावहिनींनी कपाळाला हात लावला. "भाईसाहब, बिटिया की आवाज तो बढ़िया है, पर गाने में कुकर की सीटी क्यों बजती है? मैं दो बार गैस बंद कर आई!" वैरागडे चमकले. "सीटी? कुठे? कुणाची? परत सांगा." मग ती शिट्टी चांगली की वाईट यावर शर्मावहिनींची उलटतपासणी झाली. सोनागिरीचा रफीक टेलर म्हणाला, "बीट मशीन की तरह चलती है साहब, फिर एकदम धागा टूटता है। जान-बूझकर तोड़ा है, वही मजा है।" हे मत वैरागड्यांना इतकं आवडलं की ते रस्त्याने पुटपुटत घरी आले. मी म्हटलं, "मला शब्द फार भरभर वाटतात, पण कणीक मळताना पाय हलतो." त्यावर त्यांनी पाय कोणता, हे विचारलं.

दिवाळीचं फराळाचं चाललं होतं तेव्हा ते दुपारी थैली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. "शेवटचं गाणं राहिलंय, वहिनी. यावर कुणाचंच धड मत नाही." त्यांनी स्पीकर ओट्यावर ठेवला, वर हात ठेवला. गाणं धडधडत गेलं, मग ठेका थांबला. भांड्यांचा बारीक आवाज आला. आणि सुशीला बोलली.

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. अगदी तिचाच आवाज, तिच्या ओट्यापाशी उभी असल्यासारखा. मी वैरागड्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं.

"संपलं. बेस कसा वाटला?"

"भावजी, शेवटी कोण बोललं?"

"कोण म्हणजे? फैजान. चांगला बोलतो."

मी गॅस बंद केला. त्यांच्या अगदी जवळ जाऊन, सावकाश म्हटलं, "शेवटी सुशीला बोलते."

त्यांचा हात स्पीकरवरून निघाला नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणते?"

"केतू, दूध उतू जातंय, बघ, असं म्हणते."

"रागावून?"

"नाही. नेहमीसारखी."

त्यांनी तो शेवट पुन्हा लावला, आणि पुन्हा, दोन्ही तळवे दाबून. ठेका त्यांच्या हातांना कळत होता. तिचा आवाज फार बारीक होता, तो हातापर्यंत येत नव्हता. "कुणाला सांगू नका," एवढंच म्हणून ते थैली घेऊन गेले.

केतकी आली. पाडव्याला आम्हाला त्यांच्याकडे फराळाला बोलावलं होतं. ताटली घेऊन फेऱ्या मारत वैरागड्यांनी मत द्यायला सुरुवात केली. ठेका पुढे, शब्द मागे. कुकरची शिट्टी अशी की माणूस उठून गॅस बंद करील. धागा मुद्दाम तोडला आहे, तीच मजा. आजोबांनी मला कोपर मारलं. "पहिलं वाक्य माझं!"

केतकी ऐकत होती. चेहरा उजळत चालला होता. मग तिने मोठ्याने विचारलं, "आणि शेवटचं गाणं?"

वैरागडे थांबले. मला वाटलं, आता माझं वाक्य येणार.

"त्यात आई आहे," ते म्हणाले. "पण मला ती ऐकू आली नाही, केतू. वहिनींनी सांगितलं. बाकीची मतंही लोकांची. मला नीट ऐकू येत नाही गं. कित्येक वर्षं. तुझ्या आईने कुणाला कळू दिलं नाही."

"म्हणजे फोनवर..."

"फोनवर तर काहीच नाही. तू हसतेस की रडतेस ते कळायचं नाही. म्हणून ठेवून द्यायचो."

केतकी उठली, त्यांच्या कानाशी वाकली आणि आईचं ते वाक्य आईच्याच सुरात म्हणाली. वैरागडे डोळे मिटून ऐकत होते.

"बरोबर," ते म्हणाले. "पण मग ती हसायची. तोपर्यंत दूध गेलेलं असायचं."

"गाण्यात हसणं आहे, बाबा, अगदी शेवटी, बारीक. कापलं नाही मी."

वैरागडे आता मुंबईला तिच्याकडे असतात. त्यांचं क्वार्टर पाडून तिथे मोकळी जागा केली आहे. ज्या जुन्या फोनमध्ये केतकीने घरातले आवाज भरून ठेवले होते तो बिघडला, आणि त्यातलं बाकी काहीच निघालं नाही. सुशीलाचा आवाज त्या गाण्याच्या शेवटी आहे, तेवढाच शिल्लक आहे.