उष्ट्या पानाचा झोका

कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्याच्या गच्चीवर नगरपालिकेने बाग केली आणि ठरवून दिलं, की तिथला ज्याचा त्याचा झोपाळा ज्याच्या त्याच्या घरच्या कचऱ्यावर हलेल.

लोकांना ते लगेच पटलं. भरल्या घरांचे झोपाळे असे झुलत, की पोरं उतरायला तयार नसत. मंदाकिनीकाकू पारख्यांचा झोपाळा मात्र तसूभर हलत नसे. काकू एकट्या. दुधी आणला तर सालांची चटणी, देवाची फुलं तुळशीत. कचरा होणार कुठून? त्या संध्याकाळी येऊन बसत. शेजारच्याशी काही बोलावं म्हणून मान वळवत, तोवर शेजारचा झुलत पुढे गेलेला असे.

बागेचे मुकादम घोलप एकदा जवळ आले.

"काकू, पायाने रेटायचं नाही हं. नियमात बसत नाही. घरात चार पानं उठू द्यात, आपोआप हलेल."

काकूंचं सोळा सोमवारांचं व्रत पुरं झालं होतं. बोलवायला माणसं नाहीत म्हणून उद्यापन तेवढं राहिलं होतं. महादेवानेच वाट दाखवली म्हणायची, असं म्हणत त्यांनी आजूबाजूच्या झोपाळ्यांना आमंत्रण दिलं.

सगळे आले. केळीच्या पानांवर पोटभर जेवले, चूर्मा मागून घेतला. मग ज्याने त्याने आपापलं उष्टं पान गुंडाळून पिशवीत घातलं, काकूंना वाकून नमस्कार केला आणि निघाला. उष्टं ज्याचं, वीज त्याची, हे बागेच्या पाटीवरच लिहिलेलं होतं. काकूंना कुणाचा राग आला नाही. घर फक्त फार स्वच्छ दिसत होतं.

एक पान तेवढं राहिलं होतं. नीट दुमडलेलं. समोरच्या इमारतीत एकट्याच राहणाऱ्या भागवतबाईंचं. काकूंनी ते घंटागाडीत दिलं.

दुसऱ्या संध्याकाळी झोपाळा हलला. हळू, पण हलला. घोलप आले, वाकून कड्या पाहिल्या.

"हा झोका तुमचा नाही, काकू. भागवतबाईंचा आहे."

"मग उतरू?"

"त्या येईपर्यंत बसायला हरकत नाही."

"येणार आहेत का त्या?"

"तसं काही कळवलेलं नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर आवरला आणि एका कडेला सरकून बसल्या.