बांयचा ताप

दत्तू मास्तर कुणाच्याही घरी गेले की पाणी मागत, पण पीत नसत. तांब्या डोळ्यांसमोर धरून घरच्या बाईला विचारत, "ह्या उदकाक तुमी कितें म्हणटात? उतर सांग बाये, मागीर पितां." उतर म्हणजे शब्द. तो मिळेपर्यंत पाण्यावर शेवाळ धरायचं. मी स्वतः एका तांब्यात बेडूक पाहिलाय.

गोव्यातल्या पाळी गावच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवत, मी विज्ञान. म्हणजे पाणी हा विषय माझा. तो त्यांनी पळवला आणि माझा जळफळाट अजून विझलेला नाही.

झालं असं, की मास्तरांच्या दारातल्या बांयत, म्हणजे सगळ्या वाड्याच्या विहिरीत, खाणीची तांबडी माती उतरू लागली. वाड्यावरची पोरं पोट धरून घरी बसली. मी पाणी तपासून आणलं आणि फलक ठोकला : 'पाणी पिण्यास अयोग्य'. ते दिवस भाषेच्या भांडणाचे. फलक मराठीत, म्हणून कोंकणीवाल्यांनी डांबर फासलं. मग कोंकणीत लिहिला, तर मराठीवाल्यांनी फासलं. पाण्याबद्दल काय म्हटलंय ते दोघांनीही वाचलं नाही. कळश्या भरतच होत्या. तिथंच पाणी भरणारी शेवंतीवैनी तर मला म्हणाली, "बाळंतीण उठली की पयली ह्याच बांयक पुजता. तिका अयोग्य म्हणटात? तुमच्या आवयक म्हणात." आवय म्हणजे आई.

मास्तरांनी फलकबिलक काही लावला नाही. पाणी गढुळलं की शेवंतीवैनी एक उतर वापरायची, तेवढं घेऊन ते जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आमच्या बांयक ताप आयलो आसा."

"व्हय म्हाराजा," लोक सवयीनं म्हणाले.

"तापातल्या आवयक कोण कामाक लायता? बरी होयसर तिका विश्रांती दी, आणि झरीचें उदक आमकां गोड करून घे."

"व्हय म्हाराजा." ह्या खेपेला कोंकणीवाले आणि मराठीवाले एका सुरात.

देवासमोर हो म्हटलं की माघार नाही. दुसऱ्या सकाळी सगळ्या बायका डोंगराखालच्या झरीवर. पोरं शाळेत परतली. माझ्या रसायनशास्त्राचा मात्र कोळसा झाला.

एका संध्याकाळी मी अभिनंदनाला, म्हणजे काहीतरी चूक काढायला, त्यांच्याकडे गेलो. मास्तर बांयवर उभे राहून रिकामी कळशी खालीवर करत होते. पाणी काढत नव्हते. नुसता राट कुरकुरवत होते.

"ही गेल्यापासून बांयवरच्या बायकांच्या भांडणानंच मला जाग यायची," ते म्हणाले. "आता घरात बोलणारा मी एकटा."

"म्हणजे गाऱ्हाणं घालतानाच हे ठाऊक होतं तुम्हाला?"

मास्तर हसले. "व्हय म्हाराजा."

इथंही माणूस माझ्यापुढे. मला राहवेना. मी त्यांच्या हातातली दोरी हिसकली आणि शेवंतीवैनीच्या पट्टीत ओरडलो, "बाजूक सरा मास्तर, नंबर माझा आधी."

मास्तरांनी कळशी आदळली, धोतर खोचलं आणि भांडायला उभे राहिले.