दोनशे अकरा समाधानी

रोग बरा होणे ही शरीराची बाब आहे. समाधान होणे ही संस्काराची. या दुसऱ्या बाबतीत आमच्या तीर्थपुरीचा हात धरणारे गाव मराठवाड्यात नव्हते, हे १९९८च्या त्वचारोग शिबिरात कागदोपत्री सिद्ध झाले. (कागद मीच भरले. शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि अक्षर बरे होते.)

शिबिर उन्हाने कातडीवर आलेल्या खरखरीत चट्ट्यांसाठी होते. उपचार दोन: मलम, किंवा चट्टा गोठवणारा गार फवारा. महिन्याने डॉक्टर पुण्याहून पुन्हा आले, ते चट्टे बघायला नव्हे, समाधान मोजायला. छापील प्रश्न होता, "उपचाराने आपले समाधान झाले ना?" त्या 'ना'पुढे नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. दोनशे बारांपैकी दोनशे अकरा समाधानी निघाले. त्यांतल्या तेरा जणांचा उपचाराचा नंबर अजून लागायचा होता.

एकटी लालबी फटकन म्हणाली, "कायका समाधान, बाई? हात तो वैसाच है!" तिला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. नियमच होता, चिठ्ठी फक्त असमाधानी रुग्णास. तिथे तिचा हात दोन महिन्यांत साफ झाला. (अहवालात ती शिबिराचे एकमेव अपयश म्हणून नोंदली आहे.)

खरी गरज मालनबाईला होती. कापूस वेचून वेचून तिच्या डाव्या कानाच्या कडेला चट्टा आला होता आणि फवाऱ्यानंतर तो चिघळला होता. तिची पाळी यायच्या आधी मी तिला बाजूला घेतले.

"मालन, नुसतं 'नाही' म्हण. चिठ्ठी मिळेल."

"असं कसं म्हणू बाई? एवढ्या लांबून आलेत बिचारे. सकाळी माझ्या हातचे धपाटे खाल्लेत त्यांनी!"

डॉक्टरांनी प्रश्न वाचला. मालनबाईने हात जोडले. "तुमचं काई चुकलं न्हाई, डॉक्टरसाहेब. माझं कातडंच ऐकून न्हाई राह्यलं."

डॉक्टर गहिवरले. मला म्हणाले, "लिहा, रुग्ण समाधानी, कातडी असहकारी." कातडीसाठी रकाना नव्हता, म्हणून मी पहिला अर्धाच भाग लिहिला.

समारोपाचा फोटो अजून माझ्याकडे आहे. पहिल्या रांगेत मालनबाई हसते आहे, डाव्या बाजूने पदर घट्ट ओढून. बघणारे म्हणतात, काय समाधानी माणसं होती तेव्हा! तुम्हीही इथवर मजेत वाचत आलात. मालनबाईच्या कानाचे पुढे काय झाले, हे मात्र तुम्हीही विचारले नाहीत.