दादाची परवानगी

धाकट्याने ठरवलं, की आता या कॉम्प्युटरचं तोंड कायमचं बंद करायचं.

धाकटा टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. तिथला हिशेब सरळ होता: हवा जिथून जाते ते भोक शोधायचं आणि त्यावर ठिगळ लावायचं. (शाळेच्या बाबतीतही त्याने हेच केलं होतं. त्रास जिथून होत होता तिथे जाणंच बंद केलं.) कुठल्याही अडचणीपुढे तो विचार करत बसायचा नाही. विचार करायला घरात दादा होता.

मागच्या थंडीत दादा गेला. घरात राहिले आई-बाबा, वहिनी, वहिनीचं शिलाई मशीन आणि दादाचा कॉम्प्युटर. त्यावर दोघे भाऊ रोज संध्याकाळी ट्रक चालवायचा खेळ खेळायचे. दादा चालवायचा. धाकटा शेजारी बसून "डावीकडे घे, डावीकडे!" म्हणून ओरडायचा, आणि दादा उजवीकडे घ्यायचा. (रस्ता बहुधा उजवीकडेच असायचा.)

आता धाकटा एकटाच खेळायचा. पण त्या खेळाला दिवसाआड अपडेट लागायचं. अपडेट आलं की पडदा काळवंडायचा आणि मधोमध चौकट उगवायची: प्रशासकाची परवानगी हवी. प्रशासक म्हणजे दादा. चौकटीत त्याचं नाव आणि नावाखाली पासवर्डची रिकामी जागा. पूर्वी एकदा धाकट्याने फुकटचा खेळ उतरवून कॉम्प्युटरला असा आजार लावला होता, की तो आठवडाभर सगळ्यांना लॉटरी लागल्याचं सांगत सुटला होता. (बाबांनी तर पेढ्यांचं बघायला सांगितलं होतं.) तेव्हापासून पासवर्ड फक्त दादाकडे आणि वहिनीकडे.

"वहिनी! परत विचारतोय गं!"

आतलं मशीन थांबायचं. वहिनी दोरा तोडून बाहेर यायची.

"तोंड तिकडे करा, भावजी."

धाकटा भिंतीकडे बघायचा. (म्हणजे एका डोळ्याने.) दुसऱ्या डोळ्याला वहिनीची पाठ दिसायची. टाइप करताना तिचे खांदे गदगदा हलायचे. मग ती बाहीने डोळे पुसायची आणि आत जायची.

 त्यात वहिनीच्या आईचा सारखा फोन यायचा, "थोडे दिवस इकडेच येऊन राहा गं." वहिनी म्हणायची, "बघू." त्या 'बघू'ने धाकट्याची झोप उडाली होती. दादा गेला तो गेला. आता वहिनीही गेली, तर या घरात मशीनचा आवाजसुद्धा उरणार नाही. आणि तिला घालवलं कोणी? तर ट्रकच्या नव्या हॉर्नसाठी तिला दिवसाआड नवऱ्याचं नाव दाखवून रडवणाऱ्या दिराने!

दुकानाशेजारी प्रिंट काढून देणारा एकजण होता. त्याला सगळे प्रिंटवालाच म्हणायचे.

"सोपंय," प्रिंटवाला म्हणाला. "विचारायचं किती, याची एक पट्टी असते सेटिंगमध्ये. ती ओढ तळाला. परत विचारणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

(प्रिंटवाला खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.)

धाकट्याने पट्टी शोधली आणि तळाला ओढली. पडदा काळवंडला. प्रशासकाची परवानगी हवी. म्हणजे परवानगी मागू नकोस, हे सांगायलाही परवानगी! धाकट्याने टायरच्या दुकानातल्या निवडक शिव्या मनातल्या मनात दिल्या आणि हाक मारली.

"वहिनी, एवढं एकदाच!"

"कसलं अपडेट आहे?"

"मोठं आहे."

तिने पासवर्ड टाकला. खांदे हलले. धाकट्याने दात-ओठ खाऊन भिंतीकडे बघितलं, या खेपेला दोन्ही डोळ्यांनी. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि खेळावर क्लिक केलं. पडदा काळवंडला नाही. चौकट आली नाही. धाकटा छाती फुगवून खुर्चीत रेलला.

खेळही आला नाही.

त्याने प्रिंटवाल्याला फोन लावला.

"तुझं खातं साधं आहे का रे?" प्रिंटवाला म्हणाला. "मग बरोबर आहे. मालकाला तो न विचारता हो म्हणतो. साध्या माणसाला न विचारता नाही म्हणतो."

"अरे, पण विचारत का नाही?"

"तूच सांगितलंस ना त्याला, विचारू नको म्हणून!"

तेवढ्यात बाबा आले. "माझे पत्ते उघडत नाहीत!"

"बाबा, थोडे दिवस खऱ्या पत्त्यांनी खेळा ना."

"खऱ्या पत्त्यांत मी कॉम्प्युटरला कसा हरवू?"

धाकट्याने कॉम्प्युटर बंद केला. खेळ गेला तर गेला, वहिनी रडणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या संध्याकाळीही त्याने हाक मारली नाही, तिसऱ्याही नाही. मग मशीन आपणहून थांबलं आणि वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"आज अपडेट नाही, भावजी?"

"आता कधीच नसणार!" धाकटा ऐटीत म्हणाला. "तुला उठायची गरजच नाही."

वहिनीचा चेहरा पडला. ती आत गेली. मशीन सुरू झालं नाही. कपाट उघडल्याचा आवाज आला, बॅगेची चेन ओढल्याचा आला, आणि मग फोनवरचं हळू बोलणं: "हो आई, येते मी."

धाकटा अनवाणी पायांनी आत धावला. वाटेत स्टूल लवंडलं.

"वहिनी, जाऊ नको! तुला रडवायचं नव्हतं गं मला! म्हणून तर बंद केलं ते सगळं!"

"कोण रडलं?"

"तू! पासवर्ड टाकताना. खांदे हलतात तुझे, मी बघितलंय."

"म्हणजे तुम्ही भिंतीकडे बघत नव्हता?"

(आत्ता मात्र तो भिंतीकडेच बघत होता.)

वहिनी मशीनसमोर बसली. "अहो, हसते मी. तुमच्या भावाने पासवर्डच तसा ठेवलाय. 'गाढवा, विचारून कर.' सगळं सलग, इंग्रजी अक्षरांत."

"गाढव म्हणजे..."

"तुमच्याशिवाय आहे कोण? मला म्हणायचे, त्याला हे कधी सुचणारच नाही." ती थोडा वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत राहिली. "पासवर्ड टाकताना ते मागे उभे राहून चिडवतायत असं वाटतं. दिवसात तेवढंच हसू होतं, भावजी. म्हटलं, तेही संपलं. मग इथे बसून काय करू?"

 धाकट्याने बॅग उचलली आणि कपाटावर, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंच ठेवली. मग वहिनीने दादाच्या नावाने आत शिरून पट्टी परत वर ओढली आणि धाकट्याचं खातं उघडून दिलं. बाबाही पत्त्यांच्या आशेने येऊन उभे राहिले.

"आज तुम्हीच टाका," वहिनी म्हणाली.

धाकट्याने खेळावर क्लिक केलं आणि एक बोट रोखून बसला. पहिली चौकट उगवली तशी त्याने त्यात एकेक अक्षर ठोकायला घेतलं. नेहमीच्या ठिपक्यांऐवजी अक्षरं स्पष्ट उमटत होती. आपल्यावर विश्वास बसला असेल, असं त्याला वाटलं. त्याने एंटर दाबलं.

ती चौकट पासवर्डची नव्हती. पासवर्डची अजून यायचीच होती. मधे बंद पडलेल्या खेळाने आधी ट्रकचालकाचं नाव नव्याने विचारलं होतं, आणि ते एकदा दिलं की बदलता येणार नव्हतं.

बाबांनी चष्मा लावला आणि पडद्यावरचं स्वागत घरभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "या, या! गाढवा, विचारून कर!"

वहिनी भिंतीला टेकून हसत होती. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "धाकट्याला कोण हाक मारतंय रे?"